घरचा संगणक आणि इंटरनेटच्या दोन वाटा

घरच्या संगणकावर विंडोजची कळ आणि ‘आर’ ही कळ एकदम दाबायची, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ लिहून एंटर करायचे, की ‘नेटवर्क कनेक्शन्स’ नावाची खिडकी समोर येते. घरात इंटरनेटची जोडणी एकच असली तरी या खिडकीत बहुधा चार-पाच नावे दिसतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एखाद्या घरी ‘इथरनेट’, ‘इथरनेट २’, ‘वाय-फाय’, ‘ब्लूटूथ नेटवर्क कनेक्शन’ अशी ही यादी असते. घरातले कोणी पुण्याच्या कंपनीचे काम घरून करत असेल, तर त्यात व्हीपीएनची, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या खासगी वाटेची, भर पडते. काही नावांवर लाल फुली असते, काही करडी पडलेली असतात, एखादे चालू असते.

नेट गेले की याच खिडकीत शिरून हे बंद कर, ते चालू कर असे प्रयोग सुरू होतात आणि बरेचदा जे नीट चालले होते तेही बिघडते. खरे तर यातले प्रत्येक नाव म्हणजे एक ‘अ‍ॅडाप्टर’, म्हणजे संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडू शकणारा एक भाग असतो. लॅनची वायर जिथे खुपसतात तो पॉइंट हा एक अ‍ॅडाप्टर, आतली वाय-फायची चिप दुसरा, ब्लूटूथ तिसरा. व्हीपीएन किंवा मोबाइलची अ‍ॅप संगणकावर चालवणारी एम्युलेटरसारखी सॉफ्टवेअर स्वतःचे आभासी अ‍ॅडाप्टर तयार करतात. ते हाताला लागत नाहीत, पण यादीत खऱ्यांच्याच रांगेत बसतात. अ‍ॅडाप्टर दिसतो याचा अर्थ तिथून इंटरनेट येते असा नाही. यायची सोय आहे, एवढाच.

यातूनच एक गोष्ट निघते आणि पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर माहिती पोचवायला लागणारा आकडी पत्ता, संगणकाचा नसतो, तो जोडणीचा असतो. लॅनची वायर लावलेली आहे आणि वाय-फायही चालू आहे, अशा संगणकाला एकाच वेळी दोन पत्ते असतात, व्हीपीएन सुरू केले की तीन. ‘माझ्या संगणकाचा आयपी काय?’ या प्रश्नाला म्हणूनच एकच एक उत्तर नसते.

‘इथरनेट’ आणि ‘इथरनेट २’ अशी जोडी कशी तयार होते, याचे एक कारण सातारा-सांगलीकडच्या हवेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो विजा घेऊनच. फायबर घराघरांत येण्याआधी अनेक ठिकाणी केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तांब्याच्या लॅन वायरी ओढल्या होत्या, काही अजूनही आहेत. जवळपास वीज पडली की या वायरींत दाब उसळतो आणि संगणकाचा लॅन पॉइंट जळतो. मदरबोर्ड बदलण्यापेक्षा यूएसबीला लावायचा छोटा लॅन अ‍ॅडाप्टर स्वस्त पडतो, म्हणून तो आणला जातो आणि विंडोज त्याला ‘इथरनेट २’ म्हणते. हाच अ‍ॅडाप्टर उद्या दुसऱ्या यूएसबी पॉइंटला लावला, तर कधी कधी ‘इथरनेट ३’ उगवतो. जुनी नोंद पुसली जात नाही, ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून राहते. ‘नेटवर्क २’, ‘नेटवर्क ३’ ही नावे मात्र वेगळ्या कारणाने येतात. विंडोज एखादे नेटवर्क ओळखते ते पलीकडच्या राउटरच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्या यंत्रात कोरलेल्या ४८ बिटांच्या क्रमांकावरून. राउटर बदलला की वायर तीच, घर तेच, पण विंडोजच्या लेखी नेटवर्क नवे. मग ते नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ असा प्रश्न पुन्हा येतो. घाईत ‘पब्लिक’ राहिले की काल दिसणारा प्रिंटर किंवा दुसऱ्या संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर आज दिसेनासा होतो. बिघाड काहीच नसतो.

वाय-फायच्या यादीत आणखी एक गोंधळ असतो. एकाच राउटरची दोन नावे दिसतात, एक साधे आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेले. भारतात पाचव्या पिढीची मोबाइल सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून अनेकांना वाटते, की घरात हेही ‘फाइव्ह-जी’ आले. राउटरवरचा हा ५ आकडा गिगाहर्ट्झचा आहे. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतो, मागची जोडणी एकच. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंतीपुढे ती लहर लवकर दमते. वाईतल्या किंवा साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत हा फरक खोलीगणिक जाणवतो. तिथे २.४चे नाव निवडणे शहाणपणाचे. रिपीटर लावला, तर तोही आपले तिसरे नाव त्या यादीत टाकतो. नावे तीन झाली, इंटरनेट एकच राहिले.

संगणकाला पत्ता देतो तो राउटर. वायर लावली किंवा वाय-फाय जोडले, की संगणक ‘मला पत्ता द्या’ अशी हाक घालतो आणि राउटर तीन गोष्टी सांगतो. तुझा पत्ता हा, बाहेर जायचे ते या गेटवेतून, आणि नावांचे पत्ते विचारायचे ते या डीएनएसला. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले, की प्रत्येक अ‍ॅडाप्टरखाली ही माहिती दिसते. घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. उलट, पत्त्याचे पहिले दोन-तीन आकडे वाचता आले, की निम्मे निदान घरबसल्या होते.

आयपीचे जुने, चार आकड्यांचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. म्हणून १९९० च्या दशकात काही पत्ते घरांच्या आणि कचेऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी बाजूला काढले गेले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. घरातला पत्ता जवळपास नेहमी यातलाच असतो. जिओफायबरच्या राउटरकडून आलेला पत्ता १९२.१६८.२९ ने सुरू होतो. इतर बऱ्याच राउटरांचा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० देतो. एखाद्या विंडोज संगणकाने स्वतःचे नेट वाटायला काढले असेल, तर १९२.१६८.१३७. आपण फायबरवर आहोत की चुकून घरातल्या कुणाच्या फोनवर, हे या आकड्यांतून लगेच कळते.

एक आकडा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे, १६९.२५४. हा पत्ता कोणी दिलेला नसतो. हाक घालूनही राउटरने उत्तर दिले नाही, की संगणक तो स्वतःच घेतो. म्हणजे १६९.२५४ दिसले, तर कंपनीला फोन करण्याआधी वायर, तिचा क्लिप तुटलेला जॅक आणि राउटर तपासावा. दोष बहुतेक वेळा घरातच सापडतो. उलट पत्ता १९२.१६८ चा नीट आहे, गेटवे दिसतो आहे आणि तरी पान उघडत नाही, तर संगणक बहुधा निर्दोष असून अडचण राउटरच्या पलीकडे आहे. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच पोचत नाही. बहुधा कुठेतरी तार तुटली आहे किंवा वाकून चेपली आहे. अशा वेळी संगणकाच्या सेटिंग्जना हात लावण्यात काही अर्थ नसतो.

घरात स्वतःचा वाय-फाय राउटर असतो आणि फायबरवाला आपली वेगळी पेटी बसवून जातो, तेव्हा एक वेगळीच पंचाईत उभी राहते. दोन्ही यंत्रे पत्ते वाटायला बसतात. स्वतःच्या राउटरच्या ‘वॅन’, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या, पॉइंटमध्ये वायर लावली तर काम चालते, फक्त एकाच्या आत एक अशी दोन नेटवर्के होतात आणि वरच्या खोलीतला लॅपटॉप खालच्या खोलीतल्या प्रिंटरला ओळखत नाही. दोन्ही राउटर १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असतील, तर बाहेर जायची वाटच सापडत नाही, एकाची मालिका बदलावी लागते. वायर चुकून ‘लॅन’ पॉइंटमध्ये गेली, तर दोघेही एकाच नेटवर्कवर पत्ते वाटतात. कुणाला या गेटवेचा पत्ता मिळतो, कुणाला त्या. दादाच्या फोनवर नेट चालते आणि आईच्या फोनवर नाही, असा वरकरणी चमत्कारिक वाटणारा प्रकार पुष्कळदा यातूनच होतो. उपाय सोपा आहे. पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, दोघांपैकी एकातच चालू ठेवायचे.

आता मूळ प्रश्न. लॅनची वायर आणि वाय-फाय, किंवा फायबर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट, अशा दोन जोडण्या एकाच वेळी चालू असतील, तर संगणक कुठली वापरतो?

पुण्याकडून महामार्गाने कराड ओलांडून आलेली गाडी पेठनाक्यावर येते. सांगलीला जायचे असेल तर ती डावीकडे आष्ट्याच्या रस्त्याला लागते. कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर, बाकी कुठेही जायचे असेल तर सरळ. संगणकाजवळ अशीच एक यादी असते. कमांड प्रॉम्प्टवर ‘राउट प्रिंट’ लिहिले की ती दिसते. अमुक पत्त्यांसाठी अमुक जोडणी, अशा नेमक्या ओळी तिच्यात असतात आणि ‘बाकी सगळ्यांसाठी’ अशी एक ओळ असते. ती चार शून्यांनी लिहितात, ०.०.०.०. पाठवायच्या प्रत्येक पॅकेटसाठी, म्हणजे माहितीच्या तुकड्यासाठी, संगणक आधी सर्वांत नेमकी ओळ शोधतो. ती सापडली नाही, तर ‘बाकी सगळ्यांसाठी’ची ओळ धरतो. घरातला प्रिंटर राउटरच्याच मालिकेतला, म्हणून त्याच्यासाठी नेमकी ओळ असते. गुगलचे पान, बँकेचे संकेतस्थळ, सातबाऱ्याचे पोर्टल हे सगळे ‘बाकी’मध्ये येते.

दोन जोडण्या असल्या, की ‘बाकी सगळ्यांसाठी’च्या ओळीही दोन होतात. मग निवाडा होतो तो शेवटच्या रकान्यातल्या ‘मेट्रिक’ या आकड्यावर. जिचा आकडा लहान, ती जोडणी जिंकते. हा आकडा विंडोज स्वतःच ठरवते आणि तो ठरवताना पाहते जोडणीचा प्रकार आणि घोषित वेग. एक गिगाबिटच्या लॅन वायरीला २५, शंभर मेगाबिटच्या वायरीला ३५, वाय-फायला साधारणपणे त्याहून जास्त. म्हणून वायर आणि वाय-फाय दोन्ही चालू असता बहुतेक वेळा वायर जिंकते. इथे ‘वेग’ म्हणजे संगणक ते राउटर एवढ्या टप्प्याचा. राउटरच्या पुढे फायबर ३० मेगाबिटचे आहे की ३०० चे, ते वेगात आहे की तुटून पडले आहे, याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही. सर्वसामान्य वापरणाऱ्याची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे.

त्याचा एक मासला अगदी रोजचा आहे. लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडलेला आहे. मुलाने अ‍ॅन्ड्रॉइड फोन चार्जिंगसाठी यूएसबीने लॅपटॉपला लावला आणि फोनमधले ‘यूएसबी टेदरिंग’ आधी कधीतरी लागले होते तसेच पुन्हा चालू केले. फोन विंडोजला वाय-फाय म्हणून दिसत नाही. तो ‘रिमोट एनडीआयएस’ नावाचा वायरीचा अ‍ॅडाप्टर म्हणून दिसतो आणि यादीत ‘इथरनेट ३’ म्हणून बसतो. वायर म्हटल्यावर त्याचे मेट्रिक वाय-फायपेक्षा लहान. पडद्यावर वाय-फाय जोडलेले दिसत राहते, पण सगळा व्यवहार फोनच्या सिमवरून होतो. त्यातच विंडोजचे अपडेट सुरू झाले, तर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा सकाळी दहाच्या आत संपतो आणि घरातल्यांना कळत नाही गेला कुठे. वायरीच्या जोडणीला विंडोज आपणहून ‘डेटा मोजका आहे’ असे धरत नाही. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीवर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ हे बटण हाताने चालू करावे लागते. ते केले की मोठी अपडेट थांबून राहतात.

उलट प्रकारही तितकाच होतो. बाहेर खोदाईत फायबर तुटले. घरच्यांनी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणकाचे वाय-फाय त्याला जोडले. राउटरला लावलेली लॅनची वायर तशीच आहे. राउटर विजेवर चालू आहे, पत्ता देतो आहे, फक्त त्याच्या पुढे काही नाही. विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक संकेतस्थळावरची लहानशी फाइल मागवून इंटरनेट खरोखर आहे का ते तपासते आणि ती आली नाही तर ‘नो इंटरनेट’ असे लिहिते. पण लिहिते एवढेच. मार्गांच्या यादीतले आकडे ते बहुतेक वेळा बदलत नाही. लहान मेट्रिकची वायर मेलेली असूनही संगणक पॅकेटे तिच्यावरच टाकत राहतो आणि शेजारी हॉटस्पॉट धडधाकट असूनही पान उघडत नाही. लॅनची वायर उपसली की क्षणात नेट चालू होते. वायर काढायची नसेल, कारण प्रिंटर तिच्यावर आहे, तर त्या जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर जावे, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढावी आणि तिथे १०० किंवा तसा मोठा आकडा भरावा. सहाव्या आवृत्तीसाठीही तसेच करावे, कारण आजकाल बऱ्याच सेवा दोन्ही पत्ते देतात आणि एकीकडे बदल करून दुसरीकडे राहिला तर काही पाने उघडतात, काही नाहीत. मग छपाई वायरीवरून आणि इंटरनेट हॉटस्पॉटवरून, असे दोन्ही एकदम चालते.

दोन जोडण्या एकत्र केल्या तर वेग दुप्पट व्हायला हवा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. ‘नेटवर्क कनेक्शन्स’च्या खिडकीत दोन नावे निवडून उजवी कळ दाबली, की ‘ब्रिज कनेक्शन्स’ असा पर्यायही दिसतो आणि ही आशा बळावते. ब्रिजने वेगांची बेरीज होत नाही. तो दोन नेटवर्के जोडून त्यांचे एक करतो. फायबरचा राउटर आणि फोनचा हॉटस्पॉट असे जोडले, तर पत्ते वाटणारे दोघे पुन्हा समोरासमोर येतात आणि होते ते नेटही जाते. हा पर्याय घरी वापरू नये.

बेरीज न होण्याचे कारण इंटरनेटच्या रचनेतच आहे. एखादे डाउनलोड म्हणजे दोन पत्त्यांमधला एक सलग संवाद असतो. अलीकडचा पत्ता फायबरचा असेल, तर संवाद संपेपर्यंत तो फायबरवरच चालतो. मध्येच पत्ता बदलला, तर पलीकडचा सर्व्हर त्याला अनोळखी समजतो. म्हणूनच फायबर गेल्यावर हॉटस्पॉट लगेच चालू झाला, तरी व्हिडिओ कॉल एकदा तुटतोच, आणि अर्धवट भरलेला परीक्षेचा फॉर्म किंवा बँकेचे सत्र पुन्हा सुरू करावे लागते. यावर इलाज शोधले गेले आहेत. एकाच संवादाला अनेक मार्ग देणारी ‘मल्टिपाथ टीसीपी’ ही पद्धत २०१३ साली मांडली गेली आणि अ‍ॅपलने त्याच वर्षी ती सिरीसाठी वापरली. २०२१ साली प्रमाण झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत संवादाला पत्त्यापासून वेगळी अशी ओळख दिलेली असते, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद टिकू शकतो. पण दोन्ही टोकांनी ती पद्धत पाळली पाहिजे. फक्त आपल्या संगणकाने ठरवून ते होत नाही. वेगांची खरी बेरीज हवी असेल, तर पलीकडे दोन्ही धारा पुन्हा एक करणारा सर्व्हर लागतो, आणि ती सेवा पैसे मोजून घ्यावी लागते. घरासाठी त्याची गरज क्वचितच असते.

व्हीपीएनचा विषय इथेच येतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या कंपन्यांत काम करणारी सातारा-सांगलीची कितीतरी मुले-मुली लॅपटॉप घेऊन गावी आली आणि घराच्या माडीवर पुण्याची कचेरी सुरू झाली. व्हीपीएन चालू केले, की मार्गांच्या यादीत नव्या ओळी येतात. काही कंपन्या ‘बाकी सगळ्यांसाठी’ची ओळच आपल्याकडे वळवून घेतात. मग यूट्यूबचे पानसुद्धा आधी कंपनीत जाऊन परत येते, आणि घरचा प्रिंटर दिसेनासा होतो. काही फक्त कंपनीच्या पत्त्यांपुरत्या ओळी टाकतात, बाकी सगळे घरच्या जोडणीवर राहते. ‘ऑफिसचे काम चालू केले की घरचे नेट मंद होते’ ही तक्रार असेल, तर त्यात केबलवाल्याचा दोष असेलच असे नाही. ही निवड कंपनीची असते, ती संगणकावर खटपट करून बदलू नये.

दुसरी जोडणी घ्यायचे खरे कारण एकच: पहिली गेली तर काम अडू नये. आणि सातारा-सांगलीत हा प्रश्न हौसेचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. शहराचा मोठा भाग पाण्यात होता. अशा वेळी काचेच्या तारेला पाण्याने काही होत नाही. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. बुडतात ती तळमजल्यावरची यंत्रे, रस्त्याकडेच्या पेट्या, वीज उपकेंद्रे. सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावाच लागतो. त्यानंतर मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास चालतात, मग डिझेलवर, आणि डिझेल पोचवायला रस्ता लागतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघरसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. डोंगरात रस्ता वाहून जातो, तेव्हा रस्त्याकडेने टाकलेले फायबरही त्याच्याबरोबर जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जाहिरातीत ती कोणी सांगत नाही. टॉवरही हवेत लटकलेला नसतो. त्याला मागून फायबर येते, नाहीतर दुसऱ्या टॉवरशी तो तबकडीसारख्या मायक्रोवेव्ह अँटेनाने जोडलेला असतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन जोडण्या एकाच खांबावरून, एकाच चरातून, एकाच वीजवाहिनीच्या भरवशावर येत असतील, तर कागदावर दोन असल्या तरी संकटात त्या एकच असतात. दोन केबलवाल्यांची फायबर घेतली आणि दोघांच्या तारा त्याच गल्लीतल्या त्याच विजेच्या खांबांवरून आल्या, तर एक झाड पडले की दोन्ही गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर ही सेवा आणली. तिच्यात गच्चीवरचा अँटेना टॉवरकडून बिनतारी नेट घेतो. ती घरात घेतली आणि राखीव म्हणून त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये ठेवले, तर दोघांचा आधार बहुधा एकच टॉवर असतो. पैसे दोनदा जातात, भरवसा एकाचाच मिळतो. त्यापेक्षा एक जोडणी जमिनीवरून, म्हणजे फायबर, आणि दुसरी हवेतून व वेगळ्या कंपनीची, ही जोडी सर्वांत उपयोगी. दुसरीचा वेग कमी असला तरी चालेल.

सिम कोणाचे घ्यावे हे जाहिरातीवरून ठरवू नये, घरात बसून ठरवावे. डोंगराळ भागात टॉवर कुठल्या धारेवर आहे यावर सगळे अवलंबून असते. कमी वारंवारतेच्या लहरी, ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या, डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. ५जीसाठी वापरली जाणारी ३,३०० मेगाहर्ट्झच्या पुढची लहर वेगवान, पण आड आलेल्या कड्यापुढे हतबल. म्हणून सपाटीवरच्या मिरजेत जे सिम उत्तम चालते, ते जावळीच्या खोऱ्यात एक काडीही दाखवत नाही. ज्या खोलीत संगणक आहे तिथे, पावसाळी दिवशी, शेजाऱ्यांची दोन-तीन सिम घालून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

ज्या घरात आपले सरकार सेवा केंद्र चालते, ऑनलाइन शिकवणी होते किंवा कुणाचे रोजचे काम नेटवर आहे, तिथे वायरी उपसत बसण्यापेक्षा दोन जोडण्या घेणारा राउटर लावणे बरे. अशा राउटरला दोन ‘वॅन’ पॉइंट असतात, किंवा एक पॉइंट आणि सिम घालायची जागा. तो दर थोड्या वेळाने बाहेरचा एखादा पत्ता हाकारून पाहतो आणि उत्तर आले नाही तर सगळे घर दुसऱ्या जोडणीवर वळवतो. घरातल्या संगणकांना, फोनना, टीव्हीला काहीच बदलावे लागत नाही, कारण त्यांचा गेटवे तोच राहतो. चालू कॉल तुटतो, पण पुन्हा लावला की लागतो. सिमवर वळल्यावर टीव्हीने डेटा संपवू नये, म्हणून राखीव जोडणीवर कोणती उपकरणे चालतील हेही अशा काही राउटरांत ठरवता येते.

हे सगळे विजेवर येऊन थांबते. फायबरची पेटी आणि राउटर मिळून साधारण १० ते १५ वॅट वीज घेतात, आणि दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. घरच्या इन्व्हर्टरला हे ओझे नगण्य आहे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास सहज निभावतो. घराघरांत येणाऱ्या आजच्या फायबरमध्ये खांबावरचे स्प्लिटर विजेवाचून चालतात, त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी दोन टोकांना वीज असेपर्यंत नेट चालू राहू शकते. गच्चीवरच्या जुन्या तांब्याच्या जोडण्यांत मात्र वाटेतल्या प्रत्येक इमारतीतल्या स्विचला वीज लागते आणि एक बंद पडला की पुढची सगळी घरे बंद. म्हणून नवी जोडणी घेताना किती मेगाबिट हे विचारण्याआधी केबलवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात: तार घरापर्यंत फायबरचीच आहे का, आणि वीज गेल्यावर त्याच्या नियंत्रण खोलीतली यंत्रणा किती तास चालते. मग पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी फायबरच्या पेटीचे बटण मुद्दाम बंद करावे, दुसऱ्या जोडणीवर बँकेचे पान उघडते का, व्हिडिओ कॉल लागतो का, प्रिंटर चालतो का ते पाहावे, आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड घरातल्या सगळ्यांना माहीत आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.